विनाशाचे दृश्य आणि विनाशाचे शेष : व्हिडिओ गेममधील अंतराळयानांच्या स्फोटाचे 'वास्तव'

१

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून अग्नीच्या रेषा सरकत गेल्या. उल्कावर्षाव, विमानाचा अपघात, क्षेपणास्त्र असे नाना तर्क त्या रात्री केले गेले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे सापडले. आसपासच्या परिसरात धातूचे पोकळ गोलही मिळाले. हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये अंतराळात गेलेल्या एका चिनी 'लाँग मार्च ३ बी' अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे असावेत, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आले. अवकाशयुगाची एक वस्तू अशा रीतीने झाडीपट्टीतल्या पंचनाम्याचा विषय झाली.

लाडबोरीपासून उत्तरेला, सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वैनगंगेच्या खोऱ्यात तिरोडा आहे. भाताची शेती, मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक आणि ३३०० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प ही या तालुक्याच्या गावाची ठळक ओळख. तिरोड्याच्या एखाद्या घरात मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर अंतराळयुद्धाचा खेळ खेळणारा मुलगा एका संध्याकाळी जितकी याने फोडतो, तितकी मानवजातीने आजवर प्रत्यक्षात गमावलेली नाहीत. ही याने फुटताना प्रचंड आवाज होतो, नारिंगी ज्वाला उसळतात, तुकडे उडतात आणि काही क्षणांत पडदा पूर्ववत स्वच्छ होतो. खेळाच्या जाहिरातीत या दृश्याला 'वास्तववादी' असे विशेषण लावलेले असते.

लाडबोरीचे कडे आणि तिरोड्याच्या पडद्यावरचा स्फोट या दोन्ही गोष्टी अंतराळयानाच्या विनाशाविषयीच आहेत. तरीही त्यांपैकी एकीलाच 'वास्तववादी' म्हटले जाते. आणि जिला म्हटले जाते ती दुसरी आहे. या विशेषणाचा अर्थ काय, ते कोणत्या वास्तवाशी इमान राखते आणि कोणत्या वास्तवाला दृष्टीआड करते, हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. वास्तववाद ही संकल्पना ज्या समीक्षेने शतकभर कादंबरी-नाटकांच्या संदर्भात तपासली, त्याच समीक्षेच्या कक्षेत तो येतो.

२

प्रथम भौतिक वास्तवाचा विचार करणे सोयीचे होईल. निर्वात पोकळीत ध्वनीला माध्यम नसते, म्हणून दुरून पाहणाऱ्याला स्फोट ऐकू येत नाही. पृथ्वीवरील स्फोटात जी विध्वंसक आघातलाट पसरते ती हवेची असते. हवाच नसेल तर तीही नाही. ज्वालेला प्राणवायू किंवा तत्सम ज्वलनसहायक द्रव्य लागते. ते यानाबरोबर असेल तेवढेच जळते, उरलेला वायू चहूकडे वेगाने विरळ होत जातो. वर उठणारा, वळ्या घेणारा धुराचा लोट ही गुरुत्वाकर्षणाची आणि हवेची निर्मिती आहे. अंतराळात 'वर' असे काही नसतेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुटलेला तुकडा थांबत नाही. तो आपल्या नव्या कक्षेत, आपल्या वेगाने, जात राहतो.

या कसोटीवर पाहता पडद्यावरील बहुतेक स्फोट अवास्तव ठरतात. परंतु येथे एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रकारातील अगदी आरंभीचे खेळ, ज्यांच्याजवळ वास्तवाचा आभास निर्माण करण्याचे सामर्थ्यच नव्हते, ते या बाबतीत अधिक सत्यनिष्ठ होते. १९६२ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रचलेल्या 'स्पेसवॉर' मध्ये यान फुटते तेव्हा काही प्रकाशबिंदू विखुरतात, इतकेच. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स' मध्ये चारदोन रेषांनी बनलेले यान फुटले की त्या रेषाच एकमेकींपासून सुट्या होऊन तरंगत दूर जातात. ज्वाला नाही, धूर नाही. केवळ आकृतीचा भंग आहे. साधनांच्या दारिद्र्यातून आलेली ही मितव्ययी शैली पोकळीच्या स्वभावाशी नकळत जुळली होती.

मग साधने संपन्न होत गेली तसे वास्तव दूर का गेले? याचे उत्तर चित्रपटात आहे. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' ने अंतराळाची निःशब्दता पाळली होती, परंतु १९७७ च्या 'स्टार वॉर्स' ने अंतराळाला आवाज दिला आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारला. छोट्या प्रतिकृती स्फोटकांनी उडवायच्या, त्यांचे अतिवेगाने छायाचित्रण करायचे आणि ते संथ गतीने दाखवायचे, म्हणजे लहानसा भडका महाकाय वाटतो, ही त्या स्फोटांमागची कारागिरी. १९९१ च्या 'स्टार ट्रेक' मालिकेतील सहाव्या चित्रपटात फुटणाऱ्या चंद्राभोवती एक प्रकाशमान वलय पसरते. हे वलय इतके लोकप्रिय झाले की १९९७ मध्ये 'स्टार वॉर्स' ची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा जुन्या स्फोटालाही ते जोडण्यात आले. म्हणजे एका चित्रपटाने दुसऱ्याचा स्फोट दुरुस्त केला. आणि ही दुरुस्ती निसर्गाकडे पाहून नव्हे, तर रूढीकडे पाहून झाली. व्हिडिओ गेमने हीच रूढी उचलली. तेथील 'वास्तववादी' स्फोट हा अंतराळातील स्फोटासारखा नसून चित्रपटातील स्फोटासारखा असतो. तो वास्तवाची नव्हे, प्रतिमेची प्रतिमा आहे.

रोलाँ बार्थ याने १९६८ मध्ये 'वास्तवाचा परिणाम' ही कल्पना मांडली, तिचे येथे स्मरण होते. कथनाच्या दृष्टीने निरुपयोगी भासणारे तपशील 'हे खरे आहे' एवढेच सूचित करण्यासाठी मजकुरात येतात, असे त्याचे प्रतिपादन होते. पडद्यावरील स्फोटातले ठिणग्यांचे फवारे, वितळलेल्या कडा, काजळीचे डाग हे असेच तपशील होत. ते काहीही सांगत नाहीत. ते केवळ खरेपणाची ग्वाही देतात.

३

भरताच्या नाट्यशास्त्राने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा जो भेद केला आहे, तो या ठिकाणी पाश्चात्त्य परिभाषेपेक्षा अधिक उपयोगी पडतो. लोकव्यवहाराचे अनुसरण ते लोकधर्मी. रंगभूमीच्या संकेतांनी घडलेले ते नाट्यधर्मी. या भेदात उच्चनीचभाव नाही. नाट्यधर्मी असणे हा दोष नव्हे. उलट नाट्याचे नाट्यपण त्यात आहे. दोष उद्भवतो तो नाट्यधर्मीने लोकधर्मीचे सोंग घेतले तेव्हा. आवाज करणारा, धूर ओकणारा अंतराळस्फोट हा शुद्ध नाट्यधर्मी संकेत आहे. तो संकेत म्हणून वावरला असता तर त्याविरुद्ध कोणाचीच तक्रार नसती. परंतु तो 'असेच घडते' असा दावा करतो, आणि संकेताचे संकेतपण लपवणे हेच त्याचे तंत्र होऊन बसते.

ज्या प्रदेशात तिरोडा आहे त्या झाडीपट्टीच्या रंगभूमीशी याची तुलना उद्बोधक ठरते. भाताची कापणी उरकल्यावर, दिवाळीनंतर, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत रात्ररात्र नाटके होतात. वडसा हे या व्यवसायाचे केंद्र आहे. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिच्या मुळाशी असलेल्या दंडार, खडी गंमत या लोकप्रकारांत युद्ध, मृत्यू, विनाश यांना मज्जाव नाही. पण तेथे संकेत उघडा असतो. ढोलकीच्या लयीवर लढाई होते, आणि पडलेला योद्धा प्रवेश संपला की सर्वांदेखत उठून जातो. प्रेक्षक फसत नाही आणि तरीही रंगतो. फसल्याशिवाय रंगता येते, हे लोकनाट्याला ठाऊक असलेले तत्त्व कोट्यवधींच्या खर्चाने घडणाऱ्या खेळांना मात्र मान्य नाही, असे दिसते.

भरताने आणखी एक मर्यादा घातली आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकाद्वारे सूचित कराव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. आधुनिक वाचकाला ही बंधने सोवळेपणाची वाटण्याचा संभव आहे. परंतु विनाशाचे सामर्थ्य त्याच्या दर्शनात नसून त्याच्या वृत्तात असू शकते, ही कलात्मक जाणीव त्यामागे आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा 'विक्रम' चंद्रावर उतरत असताना देशभर लोक जे पाहत होते ते यान नव्हते. ती नियंत्रणकक्षाच्या पडद्यावरची एक रेषा होती. ती रेषा नियोजित मार्गापासून ढळली आणि थांबली. ज्वाला नाही, आवाज नाही. नंतर केवळ माणसांचे चेहरे. भारतीयांनी सामुदायिकपणे अनुभवलेला अंतराळयानाचा हा विनाश जवळजवळ प्रवेशकाच्या स्वरूपाचा होता. आणि तो अनुभवणाऱ्या कोणालाही त्यात नाट्य कमी पडले असे वाटले नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यम या तंत्रज्ञाने नासाच्या छायाचित्रांत हेरलेल्या खुणांच्या आधारे, 'विक्रम' चे विखुरलेले अवशेष निश्चित करण्यात आले. चित्रात ते काही ठिपके होते. सहा दशकांपूर्वीच्या 'स्पेसवॉर' मधल्या विखुरलेल्या ठिपक्यांशी त्यांचे साम्य केवळ योगायोगाचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही.

४

येथवरच्या विवेचनावरून असा समज होण्याची शक्यता आहे की, भौतिकशास्त्राशी जुळणारा मूक स्फोट दाखवला म्हणजे वास्तववादाचा प्रश्न सुटला. तसे नाही. संभवनीय वाटणारे अशक्य हे असंभवनीय वाटणाऱ्या शक्याहून कवीने पसंत करावे, हा ॲरिस्टॉटलचा विवेक या क्षेत्रालाही लागू आहे. विज्ञानातील बिनचूकपणा ही कलाकृतीच्या सत्यतेची पुरेशी अट होऊ शकत नाही. कित्येकदा ती आवश्यक अटही नसते. म्हणून 'वास्तव' या शब्दाचे या संदर्भात तीन स्तर वेगळे करणे इष्ट ठरेल : दृश्यवास्तव, कार्यकारणवास्तव आणि शेषवास्तव.

दृश्यवास्तवाचा विचार वर झालाच आहे. त्यातील एक तांत्रिक तपशील मात्र अर्थपूर्ण आहे. अनेक खेळांतील ज्वाला ही घनाकृती नसते. क्रमाने बदलणाऱ्या सपाट चित्रांची ती मालिका असते आणि ही चित्रे सदैव पाहणाऱ्याच्या बाजूला वळवलेली असतात. खेळणारा कोठूनही पाहो, आग त्याच्याकडे तोंड करूनच पेटते. विनाश हा द्रष्ट्यासाठी आहे, ज्याचा विनाश होतो त्याच्यासाठी नाही, ही या दृश्याची विचारसरणी त्याच्या तंत्रातच अशी कोरलेली आहे.

कार्यकारणवास्तवाचा स्तर याहून खोल आहे. बहुसंख्य खेळांत यानाचे आयुष्य ही एक संख्या असते. प्रत्येक प्रहाराने ती घटते आणि शून्याला पोचताच यान फुटते. शून्याच्या एक अंक अलीकडे ते पूर्ण सक्षम असते. इजा आणि मृत्यू यांच्यामधला प्रदेशच अशा खेळात नाही. त्या प्रदेशात शिरण्याचे प्रयत्नही अर्थातच झाले आहेत. १९९० च्या 'विंग कमांडर' मध्ये प्रहार झाला की वैमानिकाच्या कक्षातील उपकरणे निकामी होत जातात. सहवैमानिक मेला तर तो पुढच्या मोहिमांत दिसत नाही, आणि खेळणारा स्वतः मेला तर त्याच्या अंत्यसंस्काराचे दृश्य येते. २०१२ च्या 'एफटीएल' मध्ये यान हे खोल्यांच्या साध्या नकाशासारखे दाखवले आहे. कवच फुटले की त्या खोलीतील हवा निसटते, आग लागली की ती प्राणवायू खाते, आणि आग विझवायची असेल तर दारे उघडून हवा बाहेर सोडता येते. मात्र आत अडकलेला सहकारीही मग गुदमरतो. चित्रणाच्या दृष्टीने हा खेळ बालबोध वाटतो. तरीही इजेचे वास्तव त्याने झगमगत्या खेळांहून अधिक नेमके पकडले आहे; कारण येथे इजा म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे कशाचा तरी त्याग. वास्तववाद हा पृष्ठभागाचा गुण नसून संबंधांचा गुण आहे, हे कादंबरीच्या समीक्षेने फार पूर्वी ओळखलेले सूत्र येथे पुन्हा खरे ठरते.

५

तिसरा स्तर शेषवास्तवाचा, आणि खरा प्रश्न तेथे आहे. फुटलेल्या यानाचे पुढे काय होते? बहुतेक खेळांत त्याचे काहीच होत नाही. काही क्षणांनी तुकडे नाहीसे केले जातात, कारण त्यांचा हिशेब ठेवणे संगणकाच्या स्मृतीला आणि गतीला जड जाते. हा निर्णय सोयीचा आहे. परंतु कलेत सोयीचे निर्णयही अर्थ निर्माण करतात. विनाश हा असा व्यवहार आहे की ज्याची बाकी उरत नाही, असा तो अर्थ होय.

प्रत्यक्ष अंतराळात नेमके उलट घडते. २००७ च्या चिनी उपग्रहभेदी चाचणीने मागोवा घेता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे निर्माण केले. १० फेब्रुवारी २००९ रोजी 'इरिडियम ३३' आणि 'कॉसमॉस २२५१' हे उपग्रह एकमेकांवर आदळले, त्याचे दोन हजारांवर तुकडे नोंदवले गेले. भारताने २७ मार्च २०१९ रोजी केलेली उपग्रहभेदी चाचणी तुलनेने खालच्या, सुमारे तीनशे किलोमीटरच्या कक्षेत होती. तुकडे लवकर खाली येऊन जळावेत हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना घेऊन परतणारे 'कोलंबिया' वातावरणात भंगले, तेव्हा त्याचे ऐंशी हजारांहून अधिक तुकडे जमिनीवरून वेचून मांडण्यात आले आणि त्या मांडणीतूनच अपघाताची कथा वाचली गेली. अवशेष हे विनाशाचे व्याकरण असते. ते पुसले की विनाश वाचताच येत नाही.

महाभारताने हे जाणले होते. युद्ध संपल्यावर त्या ग्रंथात स्त्रीपर्व येते. रणांगणावर पडलेल्यांमध्ये आपापली माणसे शोधीत फिरणाऱ्या स्त्रियांचे हे पर्व काढून टाकले तर कथानकाची फारशी हानी होणार नाही. परंतु महाभारत महाभारत राहणार नाही. आनंदवर्धनाने या ग्रंथाचा अंतिम रस शांत मानला, त्या शांताची वाट या करुणातून जाते. पडद्यावरील स्फोट अद्भुत आणि रौद्र या रसांशी येऊन थांबतो, याचे कारण त्याला स्त्रीपर्व नाही. करुणाला आलंबन लागते, आणि विनाशानंतरचे आलंबन म्हणजे जे मागे उरले ते. शेष नसेल तर शोक नाही.

काही खेळांनी मात्र या दिशेने पाऊल टाकले आहे. २०१५ मध्ये पूर्णरूपात आलेल्या 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' मध्ये फुटलेल्या वा टाकून दिलेल्या टप्प्यांचे तुकडे कक्षेत फिरत राहतात, त्यांची यादी खेळणाऱ्यासमोर येते आणि ती त्यानेच वाढवलेली असते. 'ईव्ह ऑनलाइन' या आइसलँडमध्ये घडलेल्या खेळात जानेवारी २०१४ मध्ये हजारो खेळाडूंची एक लढाई झाली व पंचाहत्तर महायाने नष्ट झाली. निर्मात्यांनी त्या ठिकाणी भग्न यानांचे कायमचे स्मारक ठेवले. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या 'हार्डस्पेस : शिपब्रेकर' मध्ये तर खेळणारा योद्धा नसून कर्जात बुडालेला कामगार आहे, जुनी याने कापून तुकडे वेगळे करणे हे त्याचे काम. त्यात स्फोट हा विजयाचा क्षण नव्हे, तर चुकीच्या ठिकाणी काप गेल्याची शिक्षा आहे.

या शेवटच्या खेळातील जग महाराष्ट्राला परके नाही. मुंबईच्या दारूखान्यात जहाजे वर्षानुवर्षे अशीच तोडली गेली. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेली जुनी 'विक्रांत' २०१४ मध्ये तेथेच तोडण्यास घेतली गेली आणि तिच्या पोलादाचा अंश २०१६ मध्ये बजाजच्या एका मोटारसायकलीत उतरला. युद्धनौकेचा शेवट असा हळू, कष्टाचा आणि पुनर्जन्माचा असतो. पडद्यावरील नौकांना हा शेवट क्वचितच लाभतो.

मराठी विज्ञानकथेचा दाखलाही येथे घेता येईल. जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर येऊ घातलेला धूमकेतू अंतराळातील स्फोटाने मार्गावरून ढळवला जातो. परंतु कथेचा भर त्या स्फोटाच्या दृश्यावर नाही. संकट टळल्याचे श्रेय विज्ञानाला की घरात झालेल्या धार्मिक विधीला, या उपरोधावर आहे. स्फोटानंतर माणसांच्या मनात काय उरले, हा तिचा विषय आहे. खेळांच्या निर्मात्यांना अंतराळाच्या विनाशाविषयी कथेकडून शिकण्यासारखे काही असेल, तर ते हेच.

६

खेळ हा खेळच असावा, त्याच्यावर शोकाचे ओझे कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. आणि तो अगदीच निराधार नाही. फोडण्याचा आनंद आदिम आहे. मुले वाळूचे किल्ले बांधतात ती बरीचशी मोडण्यासाठीच. परंतु वाळूचा किल्ला मोडणाऱ्या मुलाला वाळू उरलेली दिसते; त्याच वाळूचा दुसरा किल्ला करावा लागतो. शिवाय हा आक्षेप घेणाऱ्यांनीच 'वास्तववादी' हे विशेषण सोडून द्यायला हवे. जो खेळ केवळ खेळ आहे त्याने दंडारीसारखा उघडा संकेत स्वीकारावा. आणि जो वास्तवाचा दावा करतो त्याने त्या दाव्याची पूर्ण किंमत मोजावी. दोन्हींचा लाभ आणि एकाचीही जबाबदारी नाही, ही भूमिका सौंदर्यदृष्ट्या अप्रामाणिक ठरते.

तिरोड्यासारख्या गावातील प्रेक्षकाला तर ही अप्रामाणिकता ओळखणे कठीण जाऊ नये. ज्या विजेवर त्याचा पडदा उजळतो तशी वीज त्याच्या शेजारी कोळसा जाळून निर्माण होते आणि मागे राख उरते. राखेचे काय करायचे हा प्रश्न औष्णिक केंद्राच्या परिसरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पडद्यावरच्या आगीला तेवढी राख नसते. यान फुटते, गुण वाढतात, आकाश पुन्हा काळे आणि निर्मळ होते. लाडबोरीच्या आकाशातूनही त्या पाडव्याच्या रात्री अग्नीच्या रेषा अशाच विझून गेल्या होत्या. फरक इतकाच की सकाळी तेथे एक कडे होते, ते कोणाचे हे कोणीतरी शोधावे लागले, आणि कोणीतरी ते उचलून ठेवावे लागले.